डाव्या मडगार्डाचा पोचा

तिसगाव, २२ जुलै २०२४

वादी चि. कल्याण यास प्रतिवादी क्रमांक एक हिचा आशीर्वाद.

प्रतिवादी मी एकटीच असताना मला क्रमांक कशासाठी, हे अकरा वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. पण कागदावर आहे म्हणून लिहिते. फोन करायचा नाही, व्हॉट्सअॅप करायचं नाही, कुणाच्या लग्नात समोर आलात तर ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला बसायचं, असं दोघांच्याही वकिलांनी बजावून ठेवलं आहे. पोस्टाचं नाव घ्यायचं तेवढं ते विसरले. तेव्हा हे पत्र कायदेशीर आहे असं मी धरून चालते. तुला नको असेल तर लॉजच्या चुलीत घाल. राजूरला या दिवसांत सरपण ओलं असतं, पेटवायला उपयोगी पडेल.

तुझा अर्ज मिळाला. 'सदर वाहन प्रतिवादीच्या हेळसांडीमुळे नष्टप्राय झाले असून' हे वाक्य वाचून बरं वाटलं. आठवीत तुझ्याकडून संस्कृतचं एक रूप पाठ करून घ्यायला आण्णा हातात छडी घेऊन बसायचे, आणि आता तू 'नष्टप्राय' लिहितोस. वकिलाने लिहिलं असेल म्हण, पण सही तुझी आहे.

अर्जात तुझं मागणं असं, की पाहणीला कोर्टाचा कमिशनर पाठवावा, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे गाडी चालू आणि जशीच्या तशी नसेल तर लिलाव करून आलेलं वाटून द्यावं. कोर्टाने मानलं. दिवाळीनंतर कमिशनर येणार आहे.

तुला आठवत असेलच, पण मला एकदा लिहून काढायचं आहे, म्हणजे माझ्यासमोर राहील. आण्णांच्या तेराव्याला बुंदीच्या ताटाबरोबर तू हक्कसोडीचा कागद आणलास. मी म्हटलं, आधी जेवू दे. तू म्हणालास, सही करायला किती वेळ लागतो. तिथून आपण कोर्टात गेलो. जमिनीची वाटणी तिसऱ्याच वर्षी आपसात झाली. तू तुझा वाटा विकलास, मी माझा वाट्याने दिला. उरली ही फियाट. आण्णा तिला फियाट म्हणत, गाव 'डुक्कर' म्हणतं. तिचे दोन सारखे भाग होत नाहीत आणि आपल्यातलं कुणी हक्क सोडत नाही, म्हणून एवढ्यावर दावा चालला आहे. कोर्टाचा हुकूम 'जैसे थे'. शेडबाहेर काढायची नाही, रंगवायची नाही, कुणाला द्यायची नाही, आणि जागच्या जागी चालू ठेवायची. सांभाळ माझ्याकडे. मी घरात राहून सांभाळीन अशी सही माझी.

ही सही केल्यापासून मी तिसगावाबाहेर एकच रात्र काढली आहे. पैठणला लग्नाला गेले होते. परत आले तो दोन व्हीलकॅप गायब. त्या मी परत मिळवल्या. कशा, ते प्रतिवादीकडेच राहू दे.

आता जे लिहिते ते तुझ्या वकिलाला दाखवलंस तर दावा तू उद्या जिंकशील. गाडी चालू नाही. उंदरांनी वायरी खाल्ल्या आहेत, ब्रेक दाबला तर पाय थेट जमिनीला टेकतो, आणि पायाखालच्या पत्र्यातून शेडमधली जमीन दिसते.

आणखी एक. पुण्याच्या एका संस्थेत हस्तलिखितांची सूची करायला मला बोलावलं आहे. जुन्या पोथ्या उघडायच्या, वाचायच्या, काय आहे ते लिहायचं. विशीपासून मला हेच करायचं होतं, आणि तीस वर्षं मी नववीच्या पोरांना 'वनानि' शिकवते आहे. दोन जानेवारीला रुजू व्हायचं आहे. गाडी कमिशनरपुढे नापास झाली तर लिलाव होईल आणि मी मोकळी. पास झाली तर मी आहे तिथेच, आणखी किती तारखा ते देव जाणे. तू म्हणशील, मग ताई, गप्प बस, उंदरांना काम करू दे.

तसं ठरवलंही होतं. पण मागच्या आठवड्यात महामार्गावरचा एक हॉटेलवाला गाडी बघून गेला. लिलावात घेणार म्हणतो. हॉटेलच्या दारात उभी करून तोंडातून कारंजं काढणार आहे. खाली लाल-हिरवे दिवे.

तेव्हा एकाच प्रश्नाचं उत्तर दे. गाडी सुरू करताना आण्णा डाव्या हाताने काहीतरी करायचे. ते काय?

तुझी ताई
धनश्री


तिसगाव, १२ ऑगस्ट

चि. कल्याण,

तुझं कार्ड पोचलं. 'चोक अर्धाच ओढ. पूर्ण ओढू नको. पंप हातानं मार.' एवढ्या वर्षांनी आलेलं पत्र, त्यात ना नमस्कार ना सही. पण 'पूर्ण ओढू नको' याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास, तिथे तू दिसलास.

श्रीमंत आठवतो का? ट्रॅक्टरवाला श्रीमंत, दात पुढे असलेला. त्याला शेडमध्ये नेलं. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं, आदराने. मग म्हणाला, "बाई, वरून काय बी झालं न्हाई. आतून लई गेलीया." मी म्हटलं, माझंही तसंच आहे, तू गाडीचं बघ.

माझ्या वकिलांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "दुरुस्ती म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे हुकमाचा भंग." मग दुरुस्ती न करता ठेवू? "ती हेळसांड. तोही भंगच." मग करू काय? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिसेल असं काही करू नका." एवढं स्वच्छ भाष्य मी फार थोड्या पंडितांकडून ऐकलं आहे.

तेव्हा असं चाललं आहे. जुन्या बॅटरीचं काळं खोकं श्रीमंतने वरून कापलं, आतलं सगळं काढलं आणि त्यात नवी छोटी बॅटरी बसवली. झाकण परत लावल्यावर आण्णांनी खिळ्याने कोरलेली तारीखसुद्धा जागेवर. वायरींवरचं जुनं सुती वेष्टण मी सोडवून काढलं, सापाच्या कातीसारखं, आणि नवी वायर त्यातून ओवली. हे काम माझं. बायकांना नाडी ओवता येते, तेवढ्या शिक्षणावर जमलं. पायाखाली नवा पत्रा जोडला आणि त्याच्यावर तेच फाटकं रबर अंथरलं. फाटलेली बाजू पूर्वी जिकडे होती तिकडेच.

शेजारची दगडाबाई कुडावरून बघते. काल म्हणाली, "काय मास्तरीनबाई, डुकराचं बाळंतपण काडताय का?"

मी म्हटलं, "बघते आहे, जगतं का."

"जगलं तर दारातच बसनार, आन मेलं तर तुमी सुटनार," ती म्हणाली. "मंग कशाला जीव लावताय?"

मी पुढची वायर ओवायला घेतली.

ताई


तिसगाव, ६ सप्टेंबर

चि. कल्याण,

एस.टी.च्या पार्सलने डबा आला. पत्र नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत कार्ब्युरेटरचे पितळी जेट, फ्लोट, आणि पुढच्या, उलट्या बाजूने उघडणाऱ्या दारांच्या दोन मूळ कड्या, एकेक तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. शेजारी राजूरचे पेढे. पेढे तुझ्या बायकोने, सुरेखाने घातले असणार. तू घालणारा नाहीस.

म्हणजे घर सोडताना तू हिरवी ट्रंक नेलीस, तिच्यात हे होतं. मला वाटलं होतं, कपडे आहेत. तेल ताजं होतं, कल्याण. याचा अर्थ तू दरवर्षी ती फडकी बदलतोस. एका हाताने गाडी विकायचा अर्ज करतोस आणि दुसऱ्या हाताने तिच्या जेटना तेल लावतोस. मी तुला हसत नाही. मीही दिवसा नव्या वायरी ओवते आणि संध्याकाळी पुण्याच्या एस.टी.च्या वेळा बघते.

आमचे गुरुजी वर्गात एक माणूस घेऊन यायचे. देवदत्त. पूर्वी काशीत पाहिलेला, आता इथे दिसतो आहे. तेव्हा तो पोरगा होता, आता केस पिकलेत, कपडे वेगळे, गाव वेगळं, तरी आपण म्हणतो, सोऽयं देवदत्तः, तोच हा. गुरुजी विचारायचे, सगळं बदललं तर 'तोच' काय आहे? आम्ही खिडकीबाहेर बघायचो. आता श्रीमंत एकेक भाग काढून माझ्यासमोर पोत्यावर ठेवतो आणि ते पोतं गाडीपेक्षा जास्त आण्णांची गाडी दिसायला लागलं आहे. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बाई, भंगारवाल्याला मातूर तसं सांगू नका."

सुरेखाचा फोन येऊन गेला. तिचं नाव वकिलांनी घेतलं नव्हतं, म्हणून बोलले. तुमच्या पोराने, ओंकारने लॉजला नवा रंग दिला, नवं नाव दिलं, भंडारदऱ्याचे पाहुणे आता मोबाईलवरून खोल्या घेतात. आणि तुला त्याने पायरीजवळ एक खुर्ची दिली आहे, असं ती म्हणाली. तिने एवढंच सांगितलं. मीही पुढे विचारलं नाही.

ताई


तिसगाव, ४ ऑक्टोबर

चि. कल्याण,

घोळ झाला आहे.

परवा शाळेतून आले तर श्रीमंत शेडच्या दारात हात पुसत उभा, तोंडभर हसत. "बाई, तुमाला सांगितलं न्हवतं. म्हनलं, सणाचं हाय, बाईंना खूश करावं." आणि बाजूला झाला.

डाव्या मडगार्डावरचा पोचा त्याने काढला होता.

इतका सफाईदार काढला होता की हात फिरवला तर आरशासारखा. "आता कशी नवरीवानी दिसती," तो म्हणाला. मी तिथेच पोत्यावर बसले. त्याला वाटलं, मला आनंद सोसला नाही. पाणी आणायला धावला.

पंचनाम्यात तो पोचा लिहिलेला आहे. 'डाव्या बाजूचे पुढील मडगार्डावर वीतभर पोचा, रंग उडालेला.' फोटोही आहे. सगळी गाडी आतून नवी झाली, त्याचा कुणाला पत्ता नाही, आणि जिथे हात लावायचा नव्हता तिथे माणसाने प्रेमाने हात लावला. श्रीमंतला सगळं सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. "मंग परत पाडू का?" म्हणाला, आणि लगेच, "न्हाई बाई. मी पोचं काडतो. घालायचं कधी केलं न्हाई."

म्हणून पुन्हा तुझ्याकडे. पोचा तुझा आहे. बाजाराचा दिवस, तू पंधरा वर्षांचा, आण्णा शेजारी, मी मागे मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन. बैलगाडीला धडकलास एवढं मला आठवतं. कशाला, कसा, किती जोरात, ते लिही. फोटोत उजेड-सावली आहे, खोली दिसत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर. तू आजवर धरून बसला आहेस की तुला रोज दिसावा म्हणून आण्णांनी पोचा तसाच ठेवला. नगरच्या गॅरेजात मी बरोबर होते. मिस्त्री म्हणाला, लगेच काढून देतो. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरानं पहिल्यांदा गाडी हाकली, त्याची खूण हाय." नंतर रस्ताभर त्यांनी दोन अनोळखी माणसांना तो दाखवला. हे तुला आधी का सांगितलं नाही, असं विचारू नकोस. तू कधी विचारलं नाहीस आणि मला वाटलं, तुला माहीत आहे.

कार्ड लवकर टाक.

ताई


तिसगाव, जिल्हा आता अहिल्यानगर (पोस्टमन तोच आहे), २२ ऑक्टोबर

चि. कल्याण,

'बैलगाडीच्या आसाचं लोखंडी टोक. समोरून नाही, तिरपं, खालून वर. जोर नव्हता. आण्णांनी हाक मारली म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं.'

यातलं शेवटचं वाक्य दुरुस्तीसाठी लागणार नव्हतं. तरी लिहिलंस. कार्ड मी जपून ठेवलं आहे, वकिलापासून तर अधिकच.

आता जुनी लाकडी बैलगाडी कुठे मिळते सांग. सगळ्यांच्या गाड्यांना रबरी टायर. शेवटी सापडली ती त्या हॉटेलवाल्याच्याच दारात, शोभेला उभी केलेली, चाकांना गेरू लावून. त्याने गाडी दिली, शिवाय आणायला टेम्पो दिला, आणि कशाला हवी हे विचारलंसुद्धा नाही. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी कशा दिसतील, हे तो मनात जुळवत असावा.

फियाट हलवायची नाही, म्हणून बैलगाडीच तिच्या अंगावर नेली. चौघांनी ढकलली, श्रीमंतने तोंड फिरवलं. पहिल्या वेळेला नुसता चरा आला. दगडाबाई कुडावरून म्हणाली, "अरं, जेवलाव न्हाई का?" दुसऱ्या वेळेला चौघांनी मनावर घेतलं.

पोचा पडला. वीतभर. उडालेल्या रंगावर काजळी आणि एरंडेल चोळलं, म्हणजे जुना वाटेल. मी फोटो धरून लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. जरा खाली आहे, कल्याण. चांगलं बोटभर खाली. आणि जुन्या पोच्याच्या कडेला एक बारीक सुरकुती होती, ती आलेली नाही. आता पुन्हा धडक दिली तर मडगार्डच जाईल.

ज्याने नीट पाहिलं असेल त्याला कळेल. नीट पाहिलेली माणसं दोन, आणि त्यातला एक वादी आहे. कमिशनरने विचारल्यावर तू खरं बोललास तर तुझा अर्ज मंजूर होतो, लिलाव होतो, मी पुण्याला जाते आणि डुकराच्या तोंडात कारंजं बसतं. तुला काय बोल म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून काहीच म्हणत नाही.

ताई


तिसगाव, १८ नोव्हेंबर

चि. कल्याण,

आज तू इथेच होतास, तरी लिहिते. तुझं लक्ष गाडीकडे होतं, त्यामुळे बाकीचं तुला दिसलं नसणार.

तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास आणि तुझ्या वकिलाशेजारी चिंचेखाली उभा राहिलास. मी माझ्या वकिलाशेजारी पायरीवर. मधे अंगण. दारावरून जाणाऱ्या महामार्गाच्या पाटीवर गेली कित्येक वर्षं 'कल्याण' लिहिलेलं आहे, आणि मी रोज शाळेत जाताना वाचते. आज पाटीखालून माणूसही आला. मी हसले असेन. वकिलांनी मला कोपराने ढोसलं.

कमिशनरबाई तरुण, पायात बूट, हातात जुने फोटो. आतलं-बाहेरचं सगळं बघितलं. बॅटरीवरची आण्णांची तारीख मोठ्याने वाचली. पायाखालचं फाटकं रबर फोटोशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. मग म्हणाल्या, चालू करून दाखवा.

श्रीमंतने चोक अर्धा ओढला. गाडी घुरघुरली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदाही. तुझा वकील वहीत काही लिहायला लागला. आणि चिंचेखालून आवाज आला, "पंप. हातानं मार." सगळ्यांनी वळून पाहिलं. वादी आपल्याच विरुद्ध बोलला होता. श्रीमंतने बॉनेटखाली हात घातला, पंप मारला, आणि ती लागली. तसाच आवाज, खोकून खोकून मग सरळ. दगडाबाईने कुडापलीकडे हात जोडले, डुकराला.

मग त्या डाव्या बाजूला गेल्या. फोटो पोच्याच्या शेजारी धरला. बराच वेळ. "हा फोटोत जरा वर वाटतो," म्हणाल्या. "वादींचं काही म्हणणं?"

तुझ्या वकिलाने तोंड उघडलं होतं. तू त्याच्या पुढून गेलास. मडगार्डापाशी उकिडवा बसलास आणि अंगठा पोच्यात घातलास. जिथे सुरकुती असायची तिथे तुझा अंगठा थांबला. तिथे काही नव्हतं. तू वर माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी मात्र पाहत होते, आणि तुला सांगते, त्या घडीला तुझ्या तोंडून काय यावं असं मला वाटत होतं ते मला माहीत नाही. पुण्याची पिशवी मी मनात भरलेली होती.

"हाच हाय, म्याडम," तू म्हणालास. "माझ्याच हातानं पडलेला. बापाचा मार खाल्लाय ह्याच्यापायी. मला न्हाई कळायचं तर कुनाला?"

त्या दिवशी आण्णांनी तुला बोट लावलं नव्हतं. तेवढं खोटं बोललास. बाकीचंही खोटंच होतं.

नंतर तू चहा न घेता गेलास. कप झाकून ठेवला होता. संध्याकाळी श्रीमंतने घेतला.

ताई


तिसगाव, ९ डिसेंबर

चि. कल्याण,

कमिशनरचा अहवाल आला. 'वाहन मूळ स्वरूपात व चालू स्थितीत आढळले.' तुझा अर्ज फेटाळला. 'जैसे थे' चालू. पुढची तारीख उन्हाळ्यात. मी उत्तीर्ण झाले आहे, आणि त्यामुळे जिथल्या तिथे आहे.

तडजोडीचं मनात आलं असेल तर माझ्याही आलं होतं. वकिलांनी विचारलं, गाडी कुणाच्या नावावर लिहायची? मी पटकन म्हटलं, माझ्या. तुला विचारलं तर तूही तितक्याच पटकन म्हणशील. त्या ठिकाणी आपण दोघे अजून मूळ स्वरूपात आहोत, आणि तो भाग बदलायला श्रीमंतकडे सामान नाही.

पुण्याला नकाराचं पत्र लिहिलं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि टपालपेटीपर्यंत जाऊन परत आणलं. ते इथे माझ्यासमोर आहे. त्याकडे बघता बघता एक गोष्ट सुचली ती लिहिते. आवडली नाही तर पेटवायला वापर.

सांभाळणारीने घरात राहून गाडी सांभाळावी, असा हुकूम आहे. गाडीची बॅटरी नवी आहे आणि खोकं जुनं, हे कुणाला कळलेलं नाही. मग सांभाळणारीचंही तसंच का होऊ नये? दारावर पाटी माझी, वीजबिल माझं, तुळशीपुढचा दिवा माझ्या वेळेला. आत तू. भाऊ बहिणीकडे राहायला आला तर त्याला कोर्टाची मनाई नाही. मनाई फक्त बोलायची आहे, आणि मी तिथे नसेनच, तेव्हा तोही भंग होणार नाही. रोज सकाळी चोक अर्धा ओढून तिला सुरू करायचं. तारखेला मी हजर होईन.

थंडीत भंडारदऱ्याला पाहुणे येतात, हे मला माहीत आहे. त्यांना खोल्या ओंकार देतो, हेही माहीत आहे. खुर्ची पायरीजवळच ठेवायची असेल, तर इथेही पायरी आहे आणि समोर गाडी आहे.

तू येशील असं मी धरत नाही. पाकीट पुढच्या सोमवारपर्यंत पेटीत टाकणार नाही, एवढंच.

ताई


तिसगाव (पत्रावर हाच पत्ता राहणार), १२ जानेवारी २०२५

चि. कल्याण,

'अंथरूण आहे का, का आणू' एवढ्या कार्डावर मी नोकरी धरली. वेडी मी आहे की तू, हे पुढच्या तारखेला विचारू.

इथे पुण्यात मला एक खिडकी आणि एक टेबल मिळालं आहे. पोथ्यांना वास येतो तो शेडसारखाच, उंदरांचा आणि जुन्या कापडाचा. पहिल्या दिवशी मला जी पोथी दिली तिची पहिली आणि शेवटची पानं मूळची, मधली सगळी नंतर कुणीतरी नक्कल करून घातलेली. मी तशी नोंद केली. मग त्या माणसाचा विचार करत बसले. वरिष्ठ म्हणाले, बाई, पुढे चला.

खोली लहान आहे. संध्याकाळी चार वाजले की उठून शेड बघायला जायची सवय पायांना आहे, ते उठतात आणि भिंतीशी जाऊन उभे राहतात. एखाद्या दिवशी वाटतं, कमिशनर अवचित आल्या तर. मग झोप लागत नाही. तू लिहितोस की तू नगरला मेव्हण्याच्या घरभरणीला गेला नाहीस, गाडी एकटी राहील म्हणून. वाचून वाईट वाटलं, आणि थोडं बरंही. कोंडवाडा तोच, जनावर तेवढं बदललं.

सकाळी लवकर सुरू करू नकोस, थंडीत ती चिडते. पोच्यावर एरंडेल लाव. अंगठा लावलास तरी चालेल, सुरकुती कधीतरी येईल.

तुळशीपुढे दिवा लावतोस, ते कळलं. पण माझं निळं पातळही रोज दोरीवर घालत जा, आणि घालताना भिजवून, पिळून घाल. तू नुसतंच घालतोस, असं दगडाबाईचं म्हणणं आहे. काल श्रीमंतच्या फोनवरून बोलली. म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमच्या भावाला सांगा. कुनी इचारलं तर मी म्हननार, बाई हायेत की, लुगडं वाळतंय. पर कोरडं घातलं तर मला खोटं बोलावं लागंल."

ताई